मिठाच्या गावची फुले

माझ्या संग्रहातला जुना रशियन चांदीचा चमचा पालथा करून, त्यावरचा ८४ हा छाप, म्हणजे ९६ भागांत ८४ भाग शुद्ध चांदीची ग्वाही, न्याहाळीत पुण्यातला एक वृद्ध मीनाकार सहज म्हणाला, “अहो, यांनी तार घासून सपाट केलेलीच नाही!” खरोखरच ती पिळाची तार मीन्याच्या वर सुतळीसारखी उठून दिसत होती, आणि त्या एका वाक्याच्या नादाने मी मॉस्कोचे लाल मैदान, क्रेमलिन इत्यादी सर्वमान्य स्थळे घाईघाईने उरकून, कोत्लासमार्गे विचेग्दा नदीकाठच्या सॉल्विचेगोद्स्कला येऊन दाखल झालो. उतारूंच्या खोलीचा ताबा डासांनी आधीच घेतला होता. भाडे मात्र माझ्याकडून वसूल झाले.

येथल्या खाऱ्या पाण्याचे मीठ आटवून गबर झालेल्या, आणि १५५८ साली झार इव्हान चौथ्याकडून कामा नदीकाठच्या मुलखाची सनद मिळविलेल्या स्ट्रोगानोव्ह घराण्याच्या आश्रयाने, सतराव्या शतकाच्या अखेरीस या गावी मीनाकाम बहरले. चांदीच्या दोन तारा एकत्र पिळून, चिमट्याने वळवून, टाकणखार व डाक घालून पत्र्यावर जडवायच्या; मधली घरे मीन्याच्या ओल्या भुकटीने भरून भट्टीत घालायची; मीना वितळून खाली बसला की पुन्हा भरायची. इथवर सारे परंपरेचे. परंतु येथल्या कारागिरांनी घरे पांढऱ्या मीन्याने भरून त्यावर कुंचल्याने ट्यूलिप रंगविले, पाकळीच्या कडेला बारीक काळ्या रेघांची छाया दिली, आणि पुन्हा भाजले. त्यांच्या एका वाडग्याच्या तळाशी हंस आहे. बाहेरून फुलांची एवढी दाटी, की पांढऱ्या भूमीस श्वास घ्यायला जागा नाही.

तेथे भेटलेल्या इतिहासाच्या एका प्राध्यापकांचे म्हणणे असे, की जगापासून तुटलेल्या उत्तरेने दीर्घ हिवाळ्यात स्वप्नात पाहिलेली ही फुले होत. मला हे मुळीच मान्य नाही. अर्खांगेल्स्कच्या बंदरात उतरणारा पश्चिमेचा माल, आणि त्याबरोबर येणारी चित्रे, द्विना नदीच्या ज्या वाटेने मॉस्कोकडे जात, तिच्याजवळ हे गाव होते. ट्यूलिप आले ते त्या वाटेने. गाव आडबाजूला पडले ते झार पीटरने व्यापार बाल्टिककडे वळविल्यावर. प्राध्यापक त्यावर एकोणिसाव्या शतकात मॉस्कोत या कलेचे पुनरुज्जीवन करणारे ओव्हचिनिकोव्ह, ऱ्यूकर्ट यांची नावे पुढे करू लागले. मी म्हटले, त्यांची सफाई वादातीत, पण ती पेढीची सफाई. वाद संध्याकाळपर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी वेलिकी उस्त्यूगची चांदीवरील प्रसिद्ध काळी नक्षी पाहायचा बेत होता. एवढे रंग पाहिल्यावर काळे पाहण्याची इच्छाच उरली नाही. बेत रद्द करून मी पुन्हा त्या वाडग्यापुढे जाऊन उभा राहिलो, आणि प्राध्यापकही आपला मुद्दा पुढे चालू करायला तेथे हजर होतेच.