हें पाणी कोणाचें?

गेल्या भाद्रपदांत आमच्या वडील भगिनी वाईहून चार दिवस आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. कृष्णाकांठीं जन्म गेलेल्या माणसाला नदी दिसल्यावांचून दिवस उजाडल्यासारखा वाटत नाहीं. ऋषिपंचमीच्या सकाळीं त्यांनीं ओंकारेश्वराच्या घाटावर नेण्याचा आग्रह धरला. आम्हीं टाळाटाळ करून पाहिली. परंतु आक्कांपुढें आमचें कधींच कांहीं चाललेलें नाहीं. घाटाच्या पायऱ्यांवर त्या क्षणभर उभ्या राहिल्या. पदर नाकाला लावला, हातांतील तांब्या रिकामाच ठेवला आणि आम्हांस विचारलें, "अरे, हें पाणी कोणाचें?"

"पालिकेचें!" आम्हीं उत्तर दिलें. पुण्यांतील कोणत्याहि सुशिक्षित गृहस्थाच्या जिभेवर हें उत्तर तयार असतें, आणि तें देतांना स्वतःचे हात धुतल्याचें समाधानहि मिळतें.

तें समाधान त्याच वर्षींच्या हिवाळ्यांत मावळलें. आमचें बिऱ्हाड आंबील ओढ्याजवळच्या एका चोवीस घरांच्या सोसायटींत आहे, आणि तिचें चिटणीसपद आमच्या गळ्यांत पडलेलें आहे. एके दिवशीं पालिकेचे एक तरुण अभियंते दोन कामगारांसह आले. ओढ्यांत कोणाकोणाचें सांडपाणी येतें याची तपासणी चालली होती. आमच्या परवानगीनें त्यांनीं आमच्याच शौचकूपांत लाल रंगाची पूड टाकली, वर तीन बादल्या पाणी ओतलें, आणि "चला, ओढ्यावर जाऊं" म्हणाले. रंग रस्त्याखालच्या ड्रेनेजमधून शुद्धीकरण केंद्राकडे जाणार याविषयीं आम्ही निःशंक होतों. पाव घटकेंत पावसाळी गटाराच्या तोंडांतून लाल धार ओढ्यांत उतरली. ती आमची होती.

तीस वर्षांपूर्वीं इमारत बांधणाऱ्यानें खोदाईचा खर्च वांचविण्यासाठीं जवळच्या पावसाळी गटारालाच नळ जोडून दिला होता. त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं हें खरें; परंतु आम्हींहि विचारलें नव्हतें. फरशीचा रंग, स्वयंपाकघराची दिशा, देवघराची जागा, सारें आम्हीं विचारलें होतें. त्या रात्रीं आम्हीं हिशेब मांडला. शहरांत माणशीं 135 लिटर पाणी धरतात; त्यांतील सुमारें 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतें. चोवीस घरें, घरटी चार माणसें: रोजचे दहा हजार लिटर आणि तीस वर्षांचे सुमारें अकरा कोटी!

या ओढ्याची कथा वाचकांस ठाऊक असेल. अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजला याच ओढ्यावर तलाव बांधून नळानें पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलें, आणि गांवांत हौद भरले. पुढें 1879 मध्यें खडकवासल्याचें धरण पुरें झालें. पाणी आणणाराचें नांव आपण आदरानें घेतों. परंतु वापरलेलें पाणी परत नेणाराचें नांव कोणास आठवतें काय? तें काम जमिनीखालीं चालतें. त्याचें उद्घाटन करावयास कोणी पुढारी येत नाहीं, आणि म्हणून त्यास पैसाहि शेवटीं मिळतो. ज्या ओढ्यानें पुण्यास पाणी पाजलें, त्याच्याच पदरीं आपण हें माप घातलें आहे.

मग पालिकेनें करावें तरी काय? मोठीं केंद्रें हवींतच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 मधील अहवालाप्रमाणें देशांतील शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निघतें, आणि उभारलेल्या केंद्रांची शक्ति मात्र 31,841 दशलक्ष लिटरांची. पुण्यासाठींहि 2016 मध्यें जपानी कर्जाच्या साहाय्यानें अकरा नव्या केंद्रांची योजना ठरली. परंतु त्या अभियंत्यांचें वाक्य आमच्या मनांत रुतून बसलें आहे: "काका, केंद्र कितीहि मोठें बांधा, तुमचा नळच चुकीच्या जागीं जोडलेला असेल, तर पाणी तेथें पोंचणार कसें?"

तेव्हां पालिकेचें पहिलें काम घरोघर जाऊन ही रंगपरीक्षा करण्याचें. दुसरें, नव्या इमारतीस भोगवटापत्र देण्यापूर्वीं नळाचें दुसरें टोंक डोळ्यांनीं पाहण्याचें. जेथें ड्रेनेज नाहीं तेथें काय करावें, तें आमच्या आक्कांच्या वाईनें दाखविलें. तेथील नगरपरिषदेनें 2018 पासून घरोघरच्या सेप्टिक टाक्या तीन वर्षांतून एकदां पाळीपाळीनें उपसण्याची पद्धत घातली, त्यासाठीं स्वच्छता कर बसविला, आणि उपसलेल्या मैल्यावर प्रक्रिया करण्यास केंद्र उभारलें. टाकी तुंबून नाल्यांत वाहूं लागण्याची वाट पाहावी लागत नाहीं. नागपुरास शुद्ध केलेलें सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रास दिलें जातें. म्हणजे टाकाऊ पाण्यासहि गिऱ्हाईक मिळूं शकतें. आणि शेवटचें काम बिनखर्चाचें: प्रत्येक केंद्रांतून बाहेर पडणारें पाणी कसें होतें, त्याचे आंकडे दरमहा प्रभागाच्या कचेरीबाहेर फळ्यावर लिहावे. लोक वाचतात असें कळलें, म्हणजे यंत्रें बंद ठेवणें अवघड होतें.

आमच्या सोसायटीची सभा मात्र वादळी झाली. नवा नळ घालण्याच्या वर्गणीचा विषय निघतांच एक सभासद म्हणाले, "नदी आधींच नासली आहे, आपल्या चोवीस घरांनीं असें काय बिघडणार आहे?" आम्हीं त्यांस रागानें उत्तर देणार होतों, तोंच आठवलें कीं, घाटावर आम्हीं निराळ्या शब्दांत हेंच बोललों होतों. अखेर तीन महिन्यांनीं काम झालें. घरटी आलेला खर्च दिवाळीच्या खरेदीहून अधिक नव्हता. अभियंते पुन्हां आले, पुन्हां पूड टाकली, आणि या खेपेस लाल पाणी रस्त्यावरच्या चेंबरमध्यें दिसलें. ओढ्यांत तें दिसलें नाहीं. ओढा मात्र काळाच होता. वरच्या अंगास अजून पुष्कळ घरें आहेत.

आक्कांस फोनवर सारें कळविलें. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मैल्याची गाडी आली कीं सगळे नाकाला पदर लावतात रे, पण गाडीला परत कोणी धाडीत नाहीं. तुम्ही शेजारच्या सोसायटींत गेलांत का?" आम्ही गेलों नव्हतों. दुसऱ्या दिवशीं गेलों.

वाचकहो, आपल्या घरचें पाणी कोठें जातें, हें एकदां विचारून पाहा. आणि मत मागावयास येणारांसहि रस्त्यांबरोबर हा प्रश्न विचारा. पुढल्या ऋषिपंचमीस आक्का येणार आहेत. तांब्या भरण्याजोगें पाणी तोंपर्यंत होणार नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्यांनीं घाटावर तोच प्रश्न पुन्हां विचारला, तर पालिकेचें नांव घेऊन आम्हांस सुटतां येणार नाहीं.