साहेबांचे साल कोण ठरवतो?



पाडवा आला की आपल्या वऱ्हाडात सालदाराचे साल ठरते. ओसरीवर चार माणसे बसतात, चहा होतो. रोख किती, धान्य किती, कपडे किती, हे सर्वांसमोर बोलले जाते. दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाला तो आकडा ठाऊक असतो. मोठ्या माणसाचे साल कुठे ठरते, हा प्रश्न मात्र मला साठी उलटेपर्यंत पडला नव्हता. तो पडला अमरावतीला, राजापेठेतल्या एका दवाखान्याच्या बाकावर.

दोन वर्षांमागे मार्गशीर्षात थोरल्या दादांच्या छातीत कळ आली. रात्रीच गाडी करून अमरावती गाठली. दवाखाना ट्रस्टचा, म्हणजे धर्मादाय. "आधी चाळीस हजार भरा," असे खिडकीवर सांगितले. संत्र्याचा मृगबहार अजून झाडावर होता. व्यापाऱ्याला फोन केला आणि तो म्हणेल त्या भावात बगीचा देऊन टाकला. दादा वाचले. डॉक्टरांनी रात्रभर उभे राहून केले, ते उपकार मी विसरणार नाही.

आठ दिवस त्या बाकावर काढले. फरशी पुसणाऱ्या मावशीशी ओळख झाली. एकदा सहज विचारले, "मावशी, पगार किती?"

"नऊ हजार, भाऊ."

"आन् त्या काचेच्या खोलीतल्या मॅनेजर साहेबाले?"

मावशी हसली. "थे आमाले कोन सांगते!"

निघायच्या दिवशी जिन्याखाली एक पाटी दिसली. तिच्यापुढे खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. धर्मादाय रुग्णालयात शंभरातल्या दहा खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीत, असे तीवर लिहिले होते. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. रुग्णालयाने एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम गरिबांच्या निधीत टाकायची असते. आम्ही त्यात बसलो असतो की नाही, हे कागद पाहून ठरले असते. पण कागद कोणी मागितलेच नाहीत.

माझा मुद्दा एवढाच, की धर्माच्या नावाने चालणाऱ्या दवाखान्यात वरच्या साहेबाचा पगार उघड असावा आणि त्याला माप असावे. हे तत्त्व नवे नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात अट होती, की धर्मादाय संस्थेने विश्वस्ताला, व्यवस्थापकाला किंवा त्यांच्या नातलगांना वाजवीपेक्षा जास्त पगार दिला तर करमाफी जाऊ शकते. पण वाजवी म्हणजे किती? शेअर बाजारातल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने दरवर्षी छापावे लागते, की संचालकाचा पगार मधल्या नोकराच्या किती पट आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीने सांगायचे, मग धर्मादायाने का सांगू नये? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रुग्णालय कामगारांनी २०१४ साली मागणी केली होती, की धर्मादाय रुग्णालयाच्या साहेबाला वर्षाला साडेचार लाख डॉलरपेक्षा, म्हणजे तिथल्या राष्ट्राध्यक्षापेक्षा, जास्त मिळू नये. पुढे तडजोड झाली आणि मागणी मागे पडली. पण प्रश्न तिथेही हाच होता.

कोणी म्हणेल, मर्यादा घातली तर हुशार माणसे येणार नाहीत. त्यात थोडे खरे आहे. वर्षानुवर्षे शिकून हृदयावर हात ठेवणाऱ्याला चांगले मिळालेच पाहिजे. आपल्याच मेळघाटात, बैरागडला, डॉ. रवींद्र कोल्हे यांनी पहिल्या तपासणीला २ रुपये आणि पुन्हा आल्यास १ रुपया घेऊन दवाखाना चालवला. महिना ४०० रुपयांत संसार करावा लागेल, अशी अट त्यांनी लग्नाआधीच सांगितली. ती मान्य करून डॉ. स्मिताताई आल्या. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. असे व्रत सर्वांनी घ्यावे, असे मी म्हणत नाही. व्रत आपल्या मनाने घ्यायचे असते, पण माप सर्वांनी मिळून ठरवायचे असते.

माप साधे असावे. सर्वांत लहान नोकराच्या पगाराच्या अमुक पट, त्याहून जास्त नाही. म्हणजे साहेबांना वाढ हवी असेल तर आधी मावशीला वाढवावी लागेल. आणि तो आकडा, मोकळ्या मोफत खाटांच्या आकड्याशेजारी, दारातच लिहावा.

तुमच्यावर अशी वेळ न येवो. आलीच, तर रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा आणि धर्मादाय खाट आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. दाद मिळाली नाही, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या.

येत्या पाडव्याला आमच्या ओसरीवर पुन्हा चार माणसे बसतील. राजापेठेतल्या त्या साहेबांचे साल कोणत्या ओसरीवर ठरते, हे मला अजून कळलेले नाही. तुम्हाला कळले का?