पाठीतलं पाणी

काचपट्टीवर पाठीतल्या पाण्याचा एक थेंब, त्यात इंडिया इंकचा एक. सूक्ष्मदर्शकाखाली सगळा काळोख, आणि काळोखात पांढरी वलयं. मधे क्रिप्टोकॉकस बुरशीचा गोल दाणा, भोवती शाईला आत न शिरू देणारं जाड कवच. निवासी डॉक्टर असताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क "सुंदर!" म्हणालो होतो. ते पाणी ज्याचं होतं तो पलीकडे वॉर्डात डोकं धरून कण्हत होता.

ते सुंदर कवच म्हणजे चिकट डिंकच. पाठीतलं हेच पाणी मेंदूभोवतीही असतं; ते रोज तयार होतं आणि रोज रक्तात निचरतं. हा डिंक आणि बुरशीच्या पेशी निचऱ्याच्या वाटा बुजवतात. मोरी तुंबावी तसं. म्हणून एचआयव्हीने सीडी-४ पेशी शंभराच्या खाली गेलेला माणूस "डोकं फुटतंय" म्हणत आला, की निदानाइतकाच मला पाण्याचा दाब महत्त्वाचा वाटतो. मॅनोमीटर नसला तर सलाइनची नळी सुईला जोडायची, उभी धरायची, टेपने मोजायचं. 20 सेंटिमीटरपर्यंत ठीक. एका पोराच्या नळीत पाणी चढतच गेलं, 46 वर थांबलं.

त्या सुईआधी त्याच्या आईने हात जोडले होते. "सायेब, पाठीत सुई नगा घालू. पोरगं लुळं पडंल." सुई जाते तिथवर मज्जारज्जू पोचतच नाही, हे मी स्वतःच्या कमरेवर बोट ठेवून दाखवलं. पटलं नसावं, अंगठा मात्र दिला. 25 मिली पाणी काढल्यावर दाब 19 वर आला. तासाभरात पोरगा म्हणाला, "आये, च्या."

औषधाचं कौतुक मला कमी नाही. बुरशीवरच्या अँफोटेरिसिनने हुडहुडी भरते, मूत्रपिंड दमतं, पोटॅशियम घसरतं. आम्ही दोन-दोन आठवडे ते रोज चढवायचो. आफ्रिकेतल्या चाचणीनंतर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लायपोसोमल प्रकाराचा एकच मोठा डोस, सोबत फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोल, असा मार्ग सुचवला. एचआयव्हीची औषधं सुरू करायला मात्र चार ते सहा आठवडे थांबायचं. ती लगेच सुरू केली तर जास्त रुग्ण दगावतात, हे नातेवाइकांना सांगताना माझीच जीभ अडखळते.

चौथ्या दिवशी राउंडला मी त्याच्या कॉटपाशी पोचायच्या आत आई पुढे आली. "सायेब, आज पानी न्हाई काढायचं? सकाळधरनं परत डोकं धरून बसलंय."