फेरीमागे पाच रुपये

शाळेची मदतदौड भरवायची म्हटली की बैठकीत पहिला विषय टी-शर्टाचा निघतो. रंग कोणता, पाठीवर नाव कुणाचं, पुढाऱ्याचा फोटो घालायचा की नाही. मग मेडलं, मग स्टेज, मग साउंडवाला. मदत नेमकी कुणाला द्यायची, हे चहाचे कप गोळा होताना कुणाला तरी आठवतं. क्रीडाशिक्षक म्हणून अशा बैठकांना बसून माझं मत पक्कं झालंय. शाळेच्या दौडीला प्रवेश शुल्क नको, टी-शर्ट नको आणि पहिला नंबरही नको. दोनशे रुपये घेऊन दीडशेचा टी-शर्ट द्यायचा आणि उरलेल्याला मदत म्हणायचं, यात भलं होतं ते टी-शर्ट छापणाऱ्याचं.

या बाबतीतला माझा गुरू टेरी फॉक्स. कॅनडाचा पोरगा. हाडाच्या कर्करोगानं 1977 मध्ये उजवा पाय गेला. 12 एप्रिल 1980 ला तो कृत्रिम पायावर देशाच्या पूर्व टोकापासून निघाला आणि रोज जवळजवळ एक मॅरेथॉन पळत राहिला. देशबांधवांकडे मागणं एकच, माणशी एक डॉलर. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले आणि रोग फुप्फुसात पोहोचल्यानं त्याला थांबावं लागलं. 1981 च्या फेब्रुवारीपर्यंत निधी दोन कोटी चाळीस लाख डॉलरवर गेला, म्हणजे खरोखरच माणशी एक डॉलर. त्याच जूनमध्ये तो गेला, वय 22. आजही त्याच्या नावानं निघणाऱ्या दौडीत विजेता नसतो. कॅनडातल्या हजारो शाळा दर सप्टेंबरात असं पळतात.

आपल्याकडे 2004 पासून मुंबई मॅरेथॉनमधून सामाजिक संस्थांना मोठा निधी मिळतो. धावणारे आपल्या ओळखीपाळखीतून पैसे उभे करतात, कंपन्याही चमू उतरवतात. उत्तम आहे, पण ते मुंबईचं गणित. आमच्या भुदरगड तालुक्यात कुठली कंपनी शोधणार?

बारामतीच्या लताबाई करे नवऱ्याच्या उपचारासाठी नऊवारीत धावल्या, जिंकल्या, त्यांच्यावर चित्रपट निघाला. त्यांच्या जिद्दीला माझा सलाम. पण दुसऱ्या नंबरच्या बाईच्या घरी कुणी आजारी नसेलच, हे कुणी ठरवलं? गरज आणि नंबर यांची गाठ घालू नये.

त्यापेक्षा आपली जुनी रीत बरी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड काढला. बायांनी दळणातली मूठ बाजूला ठेवायची आणि त्यावर वसतिगृहातली पोरं जेवायची. कुणाची मूठ मोठी याची यादी लागत नव्हती. आणि पळण्याचं म्हणाल तर शिवजयंतीला भुदरगड, रांगणा, पन्हाळ्यावरून शिवज्योत आणणारी आमची पोरं रात्रभर आळीपाळीनं पळतात. पहिला कोण आला, असं तिथं कुणी विचारतं का? ज्योत गावात पोहोचली की झालं.

आता कामाचं. दौड मैदानातच घ्या, रस्त्यावर नको. नोव्हेंबर उजाडला की मुदाळ तिट्ट्याच्या रस्त्यानं बिद्रीच्या कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर सुरू होतात. त्यांच्यामधून पाचवीची पोरं पळवायला माझी छाती होत नाही. फक्की मारून 200 मीटरचा ट्रॅक आखा. दहा फेऱ्यांचे दोन किलोमीटर होतात आणि लहानांना तेवढे पुरेत. चालत फेरी पूर्ण केली तरी ती धरायची. आदल्या संध्याकाळी वर्गावर्गात सांगा, खाऊन या. चक्कर येऊन बसणारं पोर बहुतेक वेळा उपाशीपोटी आलेलं असतं.

प्रत्येक मुलानं घरातल्या, भावकीतल्या मोठ्यांकडून फेरीमागे पाच रुपयांचा शब्द आणायचा. अनोळखी दारात आणि दुकानात पोरांना पाठवायचं नाही, ती वर्गणी होते. कार्डावर कमाल रक्कम आधीच लिहून घ्या. नाहीतर एखादे काका जोशात फेरीमागे पन्नास कबूल करतात, आणि पुतण्या निघतो कबड्डीच्या संघातला. बाविसाव्या फेरीला काकांचा चेहरा बघवत नाही. फेऱ्या मोजायला रबरबँड देऊ नका. तिसऱ्या फेरीनंतर ते एकमेकांच्या मानेवर सुटतात. कार्डावर शिक्का मारा. शिक्का मारायला पालकांना बसवा, विशेषतः आज्यांना. त्या अर्धी फेरी पदरात घालत नाहीत.

ज्याच्याकडून शब्द मिळाला नाही, त्या मुलाचं कार्डही तसंच आणि शिक्काही तसाच. कुणी किती आणले हे माइकवर सांगायचं नाही. हा नियम मोडणार असाल तर दौड भरवूच नका.

पैसा कुठं जाणार, हे पोरांना आधी कळलं पाहिजे. नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात उभारलेल्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'सारखी संस्था निवडलीत तर तिथल्या कार्यकर्त्याला आधी वर्गात बोलवा, मुलांना प्रश्न विचारू द्या. संस्था तालुक्यातलीच मिळाली तर आणखी चांगलं. ती नोंदणीकृत हवी, आणि पावत्या शाळेच्या नव्हे, तिच्याच पुस्तकावर फाडाव्यात. रोख 2,000 रुपयांच्या वर दिलेल्या देणगीला करसवलत मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन घ्या. आठवड्याच्या आत जमा-खर्च फळ्यावर लावा, फक्कीच्या पोत्याच्या किमतीसकट.

शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी इथं गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं करताना शाळा आणि गाव वेगळं धरलं नव्हतं, त्यामुळे गारगोटीला हे परकं वाटायचं कारण नाही. तारीखही आपल्याकडे आहे. स्वातंत्र्यलढ्यात 13 डिसेंबर 1942 ला इथल्या सरकारी कचेरीवरच्या हल्ल्यात सात जण हुतात्मा झाले. त्याच आठवड्यातला रविवार धरा. थंडी असते आणि सहामाही परीक्षा उरकलेली असते. मैदानाचा आणि आरोग्य केंद्राच्या पथकाचा अर्ज मात्र दिवाळीची सुट्टी संपताच द्या, डिसेंबरात स्नेहसंमेलनांची गर्दी सुरू होते.