पाट आणि पत्ता

आमच्या घरीं पंगतीला वडिलांचा पाट देवघराच्या भिंतीशीं ठरलेला असे. इतरांनीं रिकामा दिसेल त्या पाटावर बसावें. हाच प्रश्न पुढें घरांतल्या वायफायच्या राउटरपाशीं उभा राहील, असें कधीं वाटलें नव्हतें.

जोडणी मागणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आंकडी पत्ता मुदतीनें देतो. डीएचसीपी नांवाची ही स्वयंचलित पद्धत १९९३ सालीं प्रथम नियमबद्ध झाली. मुदत अर्धी सरली कीं यंत्र आपण होऊन ती वाढवून मागतें. त्यामुळें २४ तासांच्या करारावरही सहसा बिऱ्हाड बदलावें लागत नाहीं. परंतु आईच्या खोलींतला कॅमेरा मी त्याच्या पत्त्यावरूनच फोनवर पाहत असें. तो कधीं बदलला कीं चित्र नाहींसें होई. म्हणून मीं कॅमेऱ्यावरच १९२.१६८.१.१०५ हा पत्ता कायमचा लिहून टाकला. राउटर १०० पासून १९९ पर्यंतचे आंकडे वाटतो, हें पाहण्याची तसदी मात्र घेतली नाहीं.

दिवाळींत घर पाहुण्यांनीं भरलें. एका संध्याकाळीं वीज गेली, आली. कॅमेरा अजून जागा व्हायचा होता, आणि त्याचा आंकडा राउटरच्या वहींत मुळींच नव्हता. रिकामा समजून त्यानें १०५ भाच्याच्या फोनला देऊन टाकला. एका पाटावर दोघे! रात्रीं खोलीचें चित्र दिसेना. 'सकाळीं पाहूं' म्हणून मी झोपलों. पहांटे वहिनी उठल्या, तेव्हां आई मोरीपाशीं जमिनीवर बसलेली. पाय मुरगळलेला, आणि घरची झोप मोडूं नये म्हणून तिनें हांकही मारली नव्हती.

वहिनी मला एक शब्दही बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें.

आतां कॅमेरा पुन्हां स्वयंचलित पद्धतीवर आहे. परंतु त्याचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यांतून आलेली जन्मखूण, राउटरमध्यें नोंदवून १०५ हा आंकडा त्याच्या नांवें राखून ठेवला आहे. पाट ठरलेला, पण वही एकच. प्रिंटरचेंही तसेंच केलें. फोनांना मात्र कांहीं ठरवून दिलेलें नाहीं. अलीकडचे फोन दर नेटवर्कवर निराळीच जन्मखूण सांगतात. त्यांच्या नादीं कोण लागणार!

आईला हें सारें समजावून सांगितलें. ती म्हणाली, "त्यापेक्षां माझ्या उशाशीं एक घंटा ठेव."

घंटा ठेवली आहे. कॅमेराही आहे.