सोपाऱ्याच्या वाटेवरील विजेचे थांबे

नालासोपारा स्थानकाबाहेरील दुकानांच्या दाटीत प्राचीन शूर्पारकाची खूण सहजासहजी सापडत नाही. तरीही पश्चिम किनाऱ्यावरील हे थोर बंदर याच भूमीवर होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही येथेच मिळाले. जैन परंपरेत सोपाऱ्याचे नाव एका दुष्काळाच्या कथेत येते. धान्याने भरलेली जहाजे बंदराला लागली आणि श्रेष्ठी जिनदत्ताचे कुटुंब वाचले, असे ती कथा सांगते.

सोपारा व कल्याण येथे उतरलेला माल घाट चढून जुन्नर-पैठणकडे जात असे. त्या मार्गावर नाणेघाटात खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. तांड्याला ठरावीक अंतरावर पाणी मिळाले नाही, तर मालाचे मोल कितीही असो, वाट ओस पडते. वसई-विरारमध्ये आज हाच प्रश्न विजेच्या रूपाने उभा आहे.

वीज या भागाला नवी नाही. विरारपर्यंत विजेची लोकल १९३६ मध्ये पोहोचली. याच पालघर जिल्ह्यातील तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. परंतु लोकलच्या डोक्यावर तार सतत सोबत असते. रस्त्यावरील गाडीला मात्र शिदोरी बरोबर बांधून निघावे लागते आणि ती संपण्याआधी थांबा गाठावा लागतो.

शहराच्या पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. महामार्गावर दर २५ किलोमीटरला आणि शहरात ३ किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात किमान एक चार्जिंग केंद्र असावे, असे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवले होते. त्यासाठी विजेचा परवाना लागत नाही, हे २०१८ मध्येच स्पष्ट झाले. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत अशा केंद्रांसाठी २,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. लांबच्या प्रवाशाची सोय या मार्गाने होईल. खरी अडचण शहराच्या पोटात आहे.

वालीव, गोखिवरे, सातिवली येथील गाळ्यांतून निघणारा माल बहुधा छोट्या टेम्पोने दुकानांपर्यंत जातो. विजेवरील तीनचाकी मालगाडीची बॅटरी साधारण ८ ते १० युनिटांची असते. १५ अँपिअरच्या सॉकेटवर ती तीन-चार तासांत भरते. ३० युनिटांच्या मोटारीला त्याच सॉकेटवर दहा-अकरा तास लागतात, तर ३० किलोवॉटच्या जलद चार्जरवर सुमारे तास पुरतो. म्हणजे मालगाडीला महागड्या यंत्राची गरज नाही. रात्री उभे राहायला जागा आणि भरवशाचे सॉकेट पुरेसे आहे. तीच जागा येथे दुर्मीळ आहे. अनेक जुन्या इमारतींना वाहनतळ नाही, मीटर जिन्याखाली दाटीने बसवलेले, आणि मंजूर वीजभार दिवे-पंख्यांच्या हिशेबाचा. अशा ठिकाणी खिडकीतून सोडलेली लोंबकळती वायर हा उपाय नव्हे, तो आगीला दिलेला आवतण आहे. स्वतंत्र मीटर, योग्य जाडीची तार, अर्थिंग व गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच यांवर सोसायटीने एकदा केलेला खर्च सर्वांच्याच उपयोगाचा ठरतो.

पावसाळ्याचा विचार याहून मोठा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वीजही गेली. सखल भागातील चार्जर पुराच्या खुणेपेक्षा उंच ओट्यावर नसेल, तर पहिल्याच मोठ्या पावसात भांडवल बुडते.

म्हणून या शहरात पुढाकाराची पहिली संधी गाळेधारकांच्या संघांना व गोदाममालकांना आहे. दिवसा माल चढवणाऱ्या गाड्यांनी भरलेले त्यांचे अंगण रात्री रिकामे असते. तेथे चार सॉकेट बसवून आपल्या गाड्यांबरोबर शेजाऱ्यांच्याही गाड्या ठरावीक दराने भरता येतात. यात मोठा नफा लगेच नाही. गाड्या वाढतील तसा हिशेब जुळतो. देखभाल मात्र पहिल्या दिवसापासून चोख हवी. बंद पडलेला चार्जर हा कोरड्या पाणपोईसारखा असतो. वाटसरू एकदा फसला, की ती वाट सोडतो, आणि पेढीची पत जशी हळूहळू मिळते, तसाच त्याचा विश्वासही हळूहळूच परत येतो.