ब्रुकलाइनच्या तळ्याकाठी

गेल्या शरदात पुतणीकडे बॉस्टनला गेलो असता तिने व तिच्या सासूबाईंनी मला शेजारच्या ब्रुकलाइन गावी तळ्याकाठी फिरावयास नेले. झाडीआड एक जुनी वास्तू दिसली. आज तेथे घरे आहेत. पूर्वी ते स्त्रियांचे धर्मादाय रुग्णालय होते. १९४४ मध्ये येथेच डॉ. जॉन रॉक आणि मिरियम मेंकिन यांनी मानवी स्त्रीबीजाचे शरीराबाहेर फलन घडविले.

याच मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८७ मध्ये आरोग्यविम्यात वंध्यत्वोपचारांचा समावेश कायद्याने बंधनकारक केला. पुतणीची आयव्हीएफची दोन आवर्तने त्या आधारावरच झाली. तिसऱ्यापूर्वी तिने नोकरी बदलली. नवी कंपनी कर्मचाऱ्यांचा वैद्यकीय खर्च स्वतःच्या निधीतून भागवते. अशा योजनांना राज्याचा हा कायदा लागू होत नाही. उपचार थांबले.

“डॉक्टर, पुण्याहून दर रविवारी फोनवर मी ‘गोड बातमी कधी?’ एवढेच विचारी,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “पॉलिसी वाचलीस का, हे कधी विचारलेच नाही.”

आपल्याकडे बहुतेक आरोग्यविम्यांत हे उपचार वगळलेले असतात. जेथे समावेश असतो, तेथेही प्रतीक्षाकाल आणि रकमेची मर्यादा असते. म्हणून उपचारांपूर्वी, तसेच नोकरी बदलण्यापूर्वी, पॉलिसीतील अटी व अपवाद वाचून विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा. हे काम घरातील ज्येष्ठांनी आपुलकीने अंगावर घेण्याजोगे आहे.

परतताना वारा सुटला. सासूबाईंनी आपली शाल सुनेच्या खांद्यावर घातली. विचारले मात्र काहीच नाही.